उशिरा आलेल्यांसाठी: वेताळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे वेताळाची जुनी कॉमिक्स आहेत हे एकदा चारचौघांत कळलं आणि तेव्हापासून हे प्रश्न येत राहिले. काही पत्रांतून, काही फोनवर, एक तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी मठ्ठा घेऊन उभा असताना. उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. मूळ इंग्रजी गोष्टींत वेताळाची जन्मकथा पुन्हा सांगायची वेळ आली की वर एक ठरलेली ओळ असते, ‘उशिरा आलेल्यांसाठी’ अशा अर्थाची. शीर्षक तिथूनच उचललं आहे.

१. वेताळ आणि फँटम एकच का? आमच्या घरी यावरून वाद झाला.

एकच. ली फॉक या अमेरिकन लेखकाने जंगलात राहणाऱ्या मुखवटेधारी नायकाची ‘द फँटम’ ही रोजची चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली. किंग फीचर्स सिंडिकेट ती वर्तमानपत्रांना पुरवत असे. आपल्याकडे मुंबईहून निघणाऱ्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त ती इंग्रजीत येई. मराठीत तो घरोघर पोचला तो टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून, ‘वेताळ’ या नावाने. हिंदीत तोच ‘वेताल’ झाला. प्रेतात शिरून झाडाला लटकणारा आणि विक्रम राजाला कोडी घालणारा वेताळ वेगळा. दोघांचं नातं नावापुरतं, पण ते नाव इथे बरंच काम करून गेलं आहे. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

२. ‘वर्तमानपत्रातली पट्टी’ म्हणजे नेमकं काय? आम्ही तर बत्तीस पानी पुस्तकंच पाहिली.

पुस्तकं नंतरची. मूळ गोष्ट सोमवार ते शनिवार रोज दोन-तीन चौकटींत यायची, काळ्या-पांढऱ्या रंगात, आणि एक गोष्ट संपायला कित्येक महिने लागायचे. २८ मे १९३९ पासून रविवारची रंगीत पट्टीही सुरू झाली. तिच्यात वेगळीच गोष्ट चालायची. म्हणजे एकाच आठवड्यात वेताळ रोजच्या पट्टीत समुद्रावर चाच्यांच्या मागे असायचा आणि रविवारी जंगलात दुसऱ्याच भानगडीत. ‘हा दोन्हीकडे कसा?’ असं काही जण विचारतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओळखत नाहीत असं समजा आणि पुढे वाचा.

रोजच्या पट्टीची एक बांधणी ठरलेली असते. पहिल्या चौकटीत कालची आठवण, मधल्या चौकटीत गोष्ट इंचभर पुढे, शेवटच्या चौकटीत उद्यापर्यंत जीव टांगून ठेवणारं काहीतरी. वर्तमानपत्रात हे बेमालूम चालतं. त्याच पट्ट्या एकापुढे एक लावून पुस्तक केलं की पात्रं एकमेकांना तेच तेच का सांगतात असं वाटू लागतं. ‘चाचे बेटावर आलेत!’ ‘काय? चाचे बेटावर?’ ‘हो, बेटावर!’ हा लेखकाचा बावळटपणा नाही. बुधवारचा पेपर चुकलेल्या वाचकासाठी केलेली सोय आहे ती.

३. ती अजून चालू आहे?

हो. ली फॉक १३ मार्च १९९९ रोजी वारले तोपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षं, तेच लिहीत होते. त्यानंतर लेखन प्रामुख्याने टोनी डीपॉल यांच्याकडे आलं. ते आधी स्वीडनमधल्या फँटम नियतकालिकासाठी लिहायचे.

४. काही गोष्टींत वेताळ देखणा दिसतो, काहींत लाकडी बाहुल्यासारखा. असं का?

चित्रकार वेगळे म्हणून. नमुन्यादाखल पहिल्या दोन आठवड्यांची चित्रं फॉकने स्वतः काढली होती. मग रे मूर आले. त्यांच्या चित्रांत सावल्या फार, सगळं अर्धं अंधारात. दुसऱ्या महायुद्धात मूर सैन्यात गेले आणि त्यांचे मदतनीस विल्सन मॅककॉय यांनी काम हाती घेतलं. लाकडी बाहुला म्हणता तो मॅककॉय यांचा. रेषा सरळसोट, चेहरे साधे, हालचाल थोडी अवघडलेली. मला तो पूर्वी आवडत नसे, आता आवडतो. त्या वेताळाला आपण रुबाबदार दिसावं अशी फिकीरच नाही.

१९६१ मध्ये मॅककॉय गेल्यावर सी बॅरी आले आणि १९९४ पर्यंत राहिले. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेताळ म्हटल्यावर जो चेहरा, म्हणजे जो मुखवटा, येतो तो बहुतेक बॅरी यांचा. इंद्रजाल १९६४ ते १९९० चाललं आणि तोच बॅरी यांचा भर बहराचा काळ होता. पुढे जॉर्ज ओलेसन, ग्रॅहम नोलन, पॉल रायन, टेरी बीटी, माइक मॅनली, जेफ वायगेल असे बरेच हात लागले. रोजच्या आणि रविवारच्या पट्टीचे चित्रकार पुष्कळदा वेगळे असतात हेही लक्षात असू द्या.

५. वेताळ अमर आहे की नाही? आणि ‘एकविसावा’ कशात?

अमर नाही. तो अमर आहे असं लोकांना वाटतं, आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. कथेप्रमाणे १५३६ साली सिंग चाच्यांनी एक जहाज लुटलं. कप्तान मारला गेला आणि त्याचा मुलगा वाहत किनाऱ्याला लागला. बांडार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला वाचवलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढेन आणि माझे मुलगे आणि त्यांचे मुलगेही लढतील. तो पहिला. त्याच्यानंतर बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलाला वाटतं की तोच तो.

आपण वाचतो तो एकविसावा, किट वॉकर. थोडं गणित केलं तर गंमत कळते. १५३६ ते १९३६ म्हणजे चारशे वर्षं, आणि त्यात आधीचे वीस वेताळ. सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला वीस वर्षं. म्हणजे एकही धड म्हातारा झालेला नसणार. कवटीच्या गुहेत त्यांच्या कबरी एका ओळीत आहेत, आणि एकविसावा रोज त्यांच्या शेजारी बसून रोजनिशी लिहितो. लहानपणी हे मला शूरपणाचं वाटायचं. आता त्या गुहेचं चित्र आलं की मी पान जरा लवकर उलटतो.

(मुलगा झालाच नाही तर काय, असं विचारणाऱ्यांनी प्रश्न १५ पाहावा.)

६. ‘वेताळ’ हे नाव कशासाठी? ‘भूत’ किंवा ‘पिशाच’ का नाही?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, तेव्हा उत्तर लांबणार.

इंग्रजी फँटम म्हणजे नुसती छाया, दिसलंसं वाटणारं काहीतरी. तिकडे त्याला चालणारं भूत म्हणतात. ‘भूत’ हा शब्द मराठीत घेतला असता तर तो आमच्या पिंपळावरचा झाला असता, लिंबू-मिरचीला घाबरणारा. वेताळाचं तसं नाही. तो भुतांचा राजा आणि शिवाय गावाचा राखणदार. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे, आणि बेताळभाटी या गावाच्या नावातच तो बसला आहे. पुण्यात तर अख्खी टेकडी त्याच्या नावाची.

आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, मोठ्या मापाच्या. श्रद्धा अशी की रात्री देव गावाच्या शिवेवर राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. आता कॉमिक्समधला हा माणूस बघा. रात्री फिरतो, दुष्टांना धाक, गरिबाला आधार, कोणी त्याला मरताना पाहिलेलं नाही, आणि मूळ इंग्रजीतली त्याची पदवीच ‘चालणारा’ अशी. त्याच्या वॉकर या आडनावाचा अर्थही तोच. पहिल्या वेताळाने पोशाख शिवला तोसुद्धा जंगलातल्या एका जुन्या देवाच्या मूर्तीवरून, असं कथेतच आहे. म्हणजे इंग्रजीत जो देवासारखं सोंग घेतलेला माणूस होता, तो मराठीत आला तेव्हा त्याच्यासाठी देवाचं नाव तयारच होतं.

माझं मत स्पष्ट आहे: मूळ नावापेक्षा आपलं नाव सरस. फँटम हा अमेरिकन पोराला पहिल्यांदा समजावून सांगावा लागतो. मालवणातल्या पोराला ‘वेताळ जंगलाची राखण करतो’ एवढं म्हटलं की पुढचं त्याला घरातूनच ठाऊक असतं.

७. जंगलात लपायचं आणि अंगात जांभळा पोशाख?

फॉकच्या मनात करडा रंग होता. ‘करडं भूत’ असं काही नाव देण्याचाही त्याचा विचार होता. रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे तीन वर्षं कोणाला फरक पडला नाही. १९३९ ला रविवारची रंगीत पट्टी आली आणि छपाईत पोशाख जांभळा झाला. फॉकने मग तो तसाच चालवून घेतला. इतर देशांनी आपापल्या मनाने रंगवलं: स्वीडनमध्ये निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. तेव्हा एखाद्या परदेशी अंकात लाल वेताळ दिसला तर तो नकली नव्हे.

८. मुखवट्यातून त्याची बुबुळं का दिसत नाहीत?

फॉक सांगायचा की कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून आली. त्या दगडी डोळ्यांत बुबुळ नसतं आणि म्हणून ते भारदस्त वाटतात. अंगाला चिकटणारा पोशाख, मुखवटा, कोरे डोळे हे सगळं वेताळात १९३६ लाच होतं. सुपरमॅन १९३८ चा आणि बॅटमॅन १९३९ चा. पुढच्या मुखवटेवाल्यांनी कोरे डोळे कुठून घेतले ते सांगायला नको.

उघडा चेहरा आपल्याला कधीच दाखवत नाहीत. तो कोट-टोपी-काळा चष्मा घालून शहरात ‘मिस्टर वॉकर’ म्हणून जातो तेव्हाही नाही. खरा चेहरा पाहणाऱ्याला भयंकर मरण येतं अशी जंगलात जुनी म्हण आहे. वाचकाच्या भल्यासाठीच चाललं असावं.

९. वेताळाचं जंगल कुठे आहे? आफ्रिकेत म्हणावं तर वाघ दिसतात.

सुरुवातीच्या गोष्टींत ते पूर्वेला कुठेतरी, भारताच्या आसपास आहे. जागेचं नाव बंगालच्या जवळ जाणारं, चाच्यांचं नाव सिंग. पुढे, साधारण १९६० च्या दशकापासून, सगळं बिऱ्हाड आफ्रिकेत हललं. देशाचं नाव बेंगाला, राजधानी मविटान, अध्यक्ष डॉ. लमांडा लुआगा. सामान हलवताना वाघ तेवढे मागे ठेवायचे राहिले. एडन नावाच्या बेटावर वाघ-सिंह हरणांशेजारी बसून मासे खातात, तिथे तर भूगोल विचारूच नये.

इंद्रजालमध्ये याच देशाला ‘डेंकाली’ म्हटलं जायचं. तसं का, ते पुढच्या उत्तरात.

१०. इंद्रजालमधली गोष्ट आणि मूळ पट्टी ताडून पाहिली. नावं वेगळी, चौकटी गायब. कोणती खरी?

मूळ तीच खरी, पण इंद्रजालवाल्यांचीही बाजू ऐकायला हवी. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून त्यांनी काही नावं बदलली. बंगालसारखं वाटणारं नाव जाऊन डेंकाली झालं. सिंग चाचे ‘सिंगा’ झाले, कारण उठसूट लुटालूट करणाऱ्यांना सिंग म्हणणं इथे कोणालाच रुचलं नसतं. विसाव्या वेताळाला, म्हणजे आपल्या वेताळाच्या बापाला, दगा देऊन मारणाऱ्याचं मूळ नाव रामा. तो ‘रामालू’ झाला. आपल्याकडे रामाला खुनी ठरवून अंक खपवणं शक्य नव्हतं.

चौकटी गायब होण्याचं कारण साधं आहे. कित्येक महिने चाललेली गोष्ट ठरलेल्या पानांत बसवायची. मग आठवण करून देणाऱ्या चौकटी (प्रश्न २) आधी जातात, तेवढ्याने भागलं नाही तर संवाद, आणि कधी कधी एखादं पूर्ण उपकथानक. आडव्या पट्टीच्या चौकटी उभ्या पानात बसवताना चित्रंही कापली किंवा वाढवली जात. म्हणून ‘लहानपणी वाचलं तेव्हा तो माणूस अचानक कसा काय सुटला?’ असा प्रश्न पडला असेल तर दोष तुमच्या स्मरणाचा नाही. सुटकेच्या चौकटी कात्रीत गेल्या असतील.

११. इंद्रजालचे एकूण अंक किती? माझ्याकडे १२२ नंतर एकदम १२५ आहे.

तुमचा संग्रह पूर्ण आहे, निवांत झोपा. क्रमांक १२३ आणि १२४ निघालेच नाहीत. टाइम्समध्ये तेव्हा संप होता. क्रमांक ८०५ पर्यंत गेले, म्हणजे प्रत्यक्ष अंक ८०३. पहिला मार्च १९६४ चा, वेताळाच्या कमरपट्ट्याची गोष्ट. वर सांगितलेला रामालू त्याच गोष्टीतला. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, आणि १९८० च्या दशकात आठवड्याला एक अंक येऊ लागला. पहिले बत्तीस अंक फक्त वेताळाचे. मग जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे दुसऱ्या पट्ट्यांतली मंडळी आली, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर.

सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची. ती परदेशी चित्रांची नक्कल नव्हती. इथे, मुंबईत, रंगवलेली. पुढे अमर चित्रकथा काढणारे अनंत पै हेही त्या काळात इंद्रजालच्या कामात होते. १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्रकथा सुरू केली.

१२. वेताळाच्या दोन अंगठ्या कोणत्या हातात?

कवटीची उजव्या हातात. गुद्दा बसला की हनुवटीवर कवटी उमटते आणि जन्मभर जात नाही. शुभचिन्हाची डाव्या हातात, हृदयाच्या बाजूला. तो छाप ज्याला मिळाला तो वेताळाच्या संरक्षणाखाली. चित्रकाराच्या चुकीने हात बदललेले सापडतात. त्यातून अर्थ काढत बसू नका.

१३. वेताळासोबत असतो तो डेव्हिल कुठल्या जातीचा कुत्रा आहे?

लांडगा आहे.

१४. वेताळाचं लग्न केव्हा झालं? आणि १९३६ पासून तोच एकविसावा असेल तर आता त्याचं वय काय?

डायना पामर पहिल्याच गोष्टीपासून आहे, पण लग्नाला १९७७ उजाडलं. एक्केचाळीस वर्षं लग्न लांबवणारा दुसरा नायक शोधून दाखवा. मॅन्ड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार लग्नाला आले होते. दोन्ही पट्ट्यांचा लेखक एकच असल्याने पत्रिका घरातल्या घरात गेली. (मॅन्ड्रेक दोन वर्षांनी थोरला, जून १९३४ चा.) नंतर जुळी झाली, किट आणि हेलोईज. डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते आणि लग्नानंतरही करत राहिली.

वयाचा हिशोब मांडू नका. या पट्टीत काळ पुढे सरकतो, पण सगळ्यांना सारखा सरकवत नाही. मुलं रांगायची ती शिकायला बाहेर पडण्याएवढी झाली. किट हिमालयातल्या एका मठात गेला आणि हेलोईज न्यूयॉर्कला. बाप मात्र तेवढाच. वर्तमानपत्रातल्या पट्टीत हे चालतं, कारण वाचक रोज तीनच चौकटी पाहतो. रोज आरशात पाहणाऱ्याला आपलंही वय कुठे दिसतं?

‘किट’ हे नाव बापाचं, मुलाचं आणि आधीच्या पुष्कळांचं आहे. म्हणून गोष्टीत नुसतं ‘किट’ आलं की आधी कोणत्या पिढीची गोष्ट चालू आहे ते पाहा. गुहेतली जुनी वही उघडून वेताळ वाचू लागला की समजायचं, आता पुढचे दोन-तीन महिने पूर्वजाचे.

१५. बाई वेताळ कधी झाली आहे का?

झाली आहे. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली. भाऊ जायबंदी झाला तेव्हा तिने पोशाख चढवला आणि काम निभावलं. पण क्रमांक मोजताना तिला धरत नाहीत, म्हणून आपला वेताळ एकविसावाच राहतो. यावर वाचकांत जोरदार भांडणं होतात. एक बाजू म्हणते, शपथेत मुलगे म्हटलंय. दुसरी म्हणते, पोशाख घालून जो लढला तो वेताळ, शपथ कोणी का घेतली असेना. मी दुसऱ्या बाजूचा. हेलोईज मोठी होताना दिसते आहे तसतसा हा वाद तापणार, कारण बऱ्याच गोष्टींत भावापेक्षा तीच जास्त तयार वाटते.

१६. अगदी पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुण आहे. तो पुढे कुठे गेला?

फॉकच्या हातून निसटला. मूळ बेत असा होता की दिवसा ऐदी श्रीमंत असलेला हा जिमी म्हणजेच वेताळ निघावा. लिहिता लिहिता फॉकचं मन बदललं, वेताळ जंगलात गेला, त्याला घराणं आणि गुहा मिळाली, आणि जिमी बापडा तसाच राहिला. त्याच्यावर संशय यावा म्हणून पेरलेल्या खुणा अजून त्या चौकटींत आहेत, कारण रोज छापून येणाऱ्या गोष्टीत मागे जाऊन खोडता येत नाही. फॉक तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दिवसा ऐदी आणि रात्री मुखवटा घालणारा श्रीमंत तरुण तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी कामी आला.

१७. मुलीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, ‘एक गोरा माणूस सगळ्या काळ्या लोकांना शहाणपण शिकवतोय.’ काय सांगू?

ती बरोबर आहे असं सांगा. जुन्या गोष्टींत आदिवासी एक तर भाबडे, नाहीतर भाले घेऊन नाचणारे. त्यांना चारशे वर्षं एकाच घराण्याने अमरपणाच्या थापेवर धाकात ठेवलं आहे, आणि हे थाप मारणं चांगल्या कामासाठी आहे एवढ्यावर गोष्ट समाधान मानते. फॉकने पुढे पुष्कळ सुधारलं. बेंगाला स्वतंत्र झाला, निवडून आलेला काळा अध्यक्ष आला, वेताळ त्याचा मित्र झाला, मालक नाही. बांडारांचा प्रमुख गुर्रन त्याच्या बरोबरीने वागतो, आणि थापेत सामील असलेला तो एकटाच शहाणा आहे असं बऱ्याचदा वाटतं. तरी मूळ साचा तोच.

एवढंच जोडा की ज्यांना तो खटकावा असं वाटतं, त्याच देशांतल्या लोकांनी त्याला आपल्या पद्धतीने वापरलं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी खोऱ्यातल्या लोकांनी लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवला. मरत नाही तो ढालीवर असावा, हा हिशोब सरळ आहे. आपण त्याला वेतोबाच्या शेजारी नेऊन बसवला, तोही याच जातीचा प्रकार.

१८. मध्यंतरी डायना मेली, मग वेताळही मेला असं ऐकलं. खरं काय?

दोघं जिवंत आहेत. २००९ मध्ये एका स्फोटात डायना गेली असं दाखवलं. प्रत्यक्षात तिला रोडिया या शेजारच्या देशातल्या तुरुंगात डांबलं होतं. तिला सोडवेपर्यंत २०११ उजाडलं. विचार करा, त्यातला बराच काळ वाचक रोज तीन चौकटी वाचत होता आणि नायकाला बायको जिवंत असल्याचं ठाऊक नव्हतं.

वेताळाच्या मरणाची भानगड अलीकडची आणि जास्त फसवी आहे. सवर्णा देवी नावाची एक स्त्री त्याच तुरुंगात होती. तिला सोडवायला गेलास तर तुझं घराणं मातीला मिळेल असं भविष्य मोझ नावाचा जंगलातला म्हातारा सांगतो. ते भविष्य चित्रांत दिसत राहतं, महिनोनमहिने. मध्येच वाचायला लागलेल्यांना ते घडलेलंच वाटलं, आणि ‘वेताळ गेला’ अशी बोंब उठली. घडत काहीच नव्हतं, म्हातारा बोलत होता.

१९. परदेशात याला अजून एवढं कोण वाचतं?

अमेरिकेपेक्षा बाहेरचेच जास्त. ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची प्रकाशनसंस्था १९४८ पासून त्याचे अंक काढते. स्वीडनमध्ये १९५० पासून स्वतंत्र नियतकालिक आहे आणि तिथे नव्या गोष्टीही तयार होतात. त्या गोष्टी मूळ पट्टीशी प्रत्येक वेळी जुळतीलच असं नाही. कोणत्या पूर्वजाने काय केलं यावर वाद घालण्याआधी समोरचा स्वीडिश गोष्ट सांगतोय की फॉकची, एवढं विचारून घ्यावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

२०. जुने मराठी अंक घ्यायचे आहेत. काय पाहून घेऊ?

आधी मधलं पान पाहा. पिना गंजल्या की मधली चार पानं सुटतात आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. मग मागचं कव्हर. सुरुवातीच्या अंकांत तिथे भिंतीवर लावण्याजोगं चित्र असे, आणि ते भिंतीवर लावण्यासाठीच फाडलेलं असतं. कात्रीने सरळ कापलेलं असेल तर मालक नीटनेटका होता, बाकीची पानं शाबूत असण्याची शक्यता जास्त. बाइंडिंग केलेले गठ्ठे स्वस्त मिळतात, पण बाइंडरने कडा कापताना वरच्या चौकटींतला मजकूर अर्धा खाल्लेला असतो. नावं, शाईचे शिक्के, वाचनालयाचे क्रमांक यांनी किंमत उतरते असं जाणकार म्हणतात. मी मात्र तसेच अंक आधी उचलतो. माझ्याकडच्या एका अंकावर कोणीतरी बालबोध अक्षरात लिहिलं आहे, ‘हा अंक चोरणाऱ्याच्या गालावर कवटी उमटेल.’ तो मी रद्दीच्या गठ्ठ्यातून घेतला, पैसे देऊन. पावती मात्र नाही.